रोहूच्या पोटातले जंतू डोळ्यांना दिसतात का?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका बचत गटाने गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, मासोळीसाठी घेतली आहे. त्या गटातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाने मोबाइलवर दाखवलं की माशाच्या पोटात नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढे मोठे बॅक्टेरिया असतात, आणि सोबत नाण्याशेजारी ठेवलेल्या पांढऱ्या दोऱ्यांचा फोटो होता. बाजारात मासोळी कापताना आपल्यालाही कधी कधी पोटात पांढरी फीत किंवा दोरे दिसतात, ते हेच का? असे जंतू आपल्या रोहू-कतल्यात असतात का? आणि तालुक्याच्या दुकानात माशांच्या पोटासाठी ‘चांगल्या जंतूंचं’ पाकीट मिळतं, ते गटाने घ्यावं का?

ताई, तिन्ही उत्तरं आधी सरळ देतो. तुम्हाला दिसते ती पांढरी फीत बॅक्टेरिया नाही, ती कृमी आहे. तुमच्या मुलाने वाचलेले राक्षसी बॅक्टेरिया समुद्रातल्या माशांच्या एका कुळात राहतात, आपल्या रोहू, कतला, मृगलमध्ये नाही. आणि पाकिटावर पैसे घालण्याआधी बोडीत करण्यासारखं बरंच काही आहे, ते स्वस्तही आहे आणि जास्त कामाचंही. पण एवढ्यावर थांबणं मला बरोबर वाटत नाही. मासोळी कापणाऱ्या बाया माशाचं पोट रोज आतून पाहतात, तेवढं आम्ही प्रशिक्षण देणारेही पाहत नाही. जे रोज हाताखालून जातं ते काय आहे, हे त्यांना नीट कळायलाच हवं.

आधी त्या फोटोचं. नाण्याशेजारी पांढरे दोरे असलेला जो फोटो फिरतो, त्यातला जंतू माशाच्या पोटातला नाहीच. त्याचं नाव थायोमार्गारिटा मॅग्निफिका. तो कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर, खारफुटीच्या पाण्यात बुडून कुजणाऱ्या पानांवर सापडला आणि 2022 मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत त्याची सविस्तर माहिती आली. एक पेशी सरासरी 1 सेंटिमीटरच्या आसपास, काही तर 2 सेंटिमीटरपर्यंत. सध्या माहीत असलेला सगळ्यात मोठा बॅक्टेरिया तोच. मोबाइलवर दोन वेगवेगळ्या बातम्यांची सरमिसळ झालेली आहे: फोटो खारफुटीतल्या जंतूचा आणि मजकूर माशाच्या पोटातल्या जंतूचा. माशाच्या पोटातला त्याच्यापेक्षा बराच लहान आहे, पण माझ्या मते जास्त विलक्षण तोच आहे.

त्याचं नाव एप्युलोपिशियम. इस्राएलच्या दक्षिण टोकाला, लाल समुद्रावर, एलात नावाचं गाव आहे. तिथल्या प्रवाळांत सर्जनफिश कुळातला एक तपकिरी मासा दगडांवरचं शेवाळ खाऊन जगतो. शेपटीच्या बुडाशी धारदार काटा ही या कुळाची खूण. प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेलसन आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी या माशाचं आतडं उघडून पाहिलं, तेव्हा त्यात सिगारच्या आकाराच्या, पोहणाऱ्या, प्रचंड मोठ्या पेशी दिसल्या. 1985 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेव्हा कुणालाही हा बॅक्टेरिया वाटला नाही. शाळेच्या पुस्तकातला पॅरामेशियम आठवतो ना, तशा एखाद्या एकपेशीय प्राण्यासारखा काहीतरी जीव असावा, असंच सगळ्यांनी धरलं. त्यात काही चूकही नव्हतं, कारण ही पेशी पॅरामेशियमपेक्षाही मोठी निघते.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. 1 मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहणारा नेहमीचा ई-कोलाय जंतू साधारण 2 मायक्रॉन लांबीचा असतो. एप्युलोपिशियमच्या पेशी 200 ते 700 मायक्रॉन लांब आणि 80 मायक्रॉनपर्यंत रुंद सापडल्या आहेत. म्हणजे मोठी पेशी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. काळ्या पार्श्वभूमीवर, चांगल्या उजेडात, तरुण डोळ्यांना ती बारीक पांढऱ्या रेघेसारखी दिसू शकते. आकारमान धरलं तर एका मोठ्या पेशीत ई-कोलायसारखे दहा लाखांच्या घरात जंतू मावतील.

पुढे न्यूझीलंडचे केंडल क्लेमेंट्स यांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या सर्जनफिशमध्ये याच कुळातले आणखी प्रकार शोधले. 1991 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी दाखवलं की या पेशीला केंद्रक नाही, आतली रचना बॅक्टेरियासारखी आहे. तरी शंका होतीच. ती 1993 मध्ये फिटली. एस्थर अँगर्ट, क्लेमेंट्स आणि नॉर्मन पेस यांनी त्याच्या रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या भागातल्या) आरएनएची मांडणी वाचून ‘नेचर’मध्ये सिद्ध केलं की हा बॅक्टेरियाच आहे, क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्यातला. धनुर्वाताचा जंतू त्याच गोतावळ्यातला, आणि गिनीपिगच्या आतड्यात राहणारा मेटाबॅक्टेरियम हा त्याचा जवळचा नातेवाईक.

आता बॅक्टेरिया लहान का असतात, ते पाहू. ते कळल्याशिवाय यातलं नवल कळत नाही. आपल्या शरीरात रक्त फिरतं आणि अन्न पोचवतं. बॅक्टेरियाच्या आत तसं काही नसतं. बाहेरून आलेला अन्नाचा रेणू इकडून तिकडे आपोआप सरकत जातो, तेवढंच. जवळचं अंतर तो क्षणात कापतो, पण अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. तुमच्याकडे धानाच्या बांध्यांना तलावाचं पाणी सोडतात, तेव्हा पाळीजवळची (तलावाच्या बांधाजवळची) बांधी लगेच भरते आणि शेवटच्या बांधीवाल्याला दिवसचे दिवस वाट पाहावी लागते, तसाच हा अडथळा आहे. पेशी फार मोठी झाली तर तिचा मधला भाग उपाशी राहील. म्हणून बहुतेक बॅक्टेरियांना एक-दोन मायक्रॉनमध्येच भागवावं लागतं.

यावर मोठ्या जंतूंनी दोन वेगळे मार्ग काढले. नामिबियाच्या किनाऱ्याजवळ, समुद्राच्या तळच्या गाळात, 1997 मध्ये हायडे शुल्झ यांना थायोमार्गारिटा नामिबिएन्सिस सापडला. तो पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढतो, पण आतून जवळजवळ पोकळ आहे: मध्ये नायट्रेट साठवणारी मोठी थैली आणि कडेला जिवंत भागाचा पातळ थर. फोटोतला मॅग्निफिकासुद्धा बराचसा असाच. एप्युलोपिशियमने दुसरा मार्ग धरला. त्याचं अंग आतपर्यंत भरीव, जिवंत आहे. मग कामं कशी चालतात? त्याने आपल्या डीएनएच्या प्रती वाढवल्या. एका पेशीत त्याच्या जनुकसंचाच्या हजारो, मोठ्या पेशींत तर लाखाच्या घरात प्रती असतात, आणि त्या मधोमध गोळा न होता पेशीच्या कडेला, पडद्याच्या अगदी आत, पसरलेल्या असतात. अँगर्ट यांच्या गटाने 2008 मध्ये हे मोजून दाखवलं. बाहेर काही बदललं की जवळचीच प्रत लगेच लागणारं प्रथिन तयार करते, लांबून काही आणावं लागत नाही. शिवाय पेशीचा बाहेरचा पडदा असंख्य घड्यांचा असल्यामुळे अन्न आत घ्यायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. एका बॅक्टेरियात माणसाच्या एका पेशीपेक्षा कितीतरी पट जास्त डीएनए असतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती ओळ पुन्हा वाचली होती.

त्याची पिलं होण्याची तऱ्हाही वेगळी. साधा बॅक्टेरिया मधोमध फाटून एकाचे दोन होतो. एप्युलोपिशियम मात्र आपल्या पोटात पिलं वाढवतो. बहुतेक वेळा दोन-तीन, पण एका पेशीत बारापर्यंतही मोजली गेली आहेत. पिलं आईच्या आत जवळपास आईएवढी लांब होतात आणि मग आईची पेशी फाटून ती बाहेर पडतात. आई तिथेच संपते. क्लॉस्ट्रिडियमच्या गोतावळ्यातले जंतू वाईट दिवस काढायला पेशीच्या आत टणक बीजाणू तयार करतात. त्याच जुन्या यंत्रणेतून ही पिलं वाढवायची पद्धत निघाली असावी, असं या विषयातले अभ्यासक मानतात. हवाईकडच्या एका सर्जनफिशमधले याचे भाऊबंद आजही रात्री बीजाणू करतात.

आणि हे सगळं माशाच्या दिवसाशी बांधलेलं आहे. सर्जनफिश दिवसा सतत शेवाळ खरवडून खातो आणि रात्री प्रवाळाच्या खबदाडीत निजतो. त्याच्या आतड्यातल्या या जंतूंची वाढ आणि पिलं होणंही त्याच चोवीस तासांत, एका लयीत चालतं. हा जंतू अजून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवता आलेला नाही. अभ्यास करायचा तर मासा पकडायचा, आतडं उघडायचं आणि लगेच पाहायचं.

ताई, मला तुम्हाला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती इथून सुरू होते. 2017 मध्ये लाल समुद्रातल्या वेगवेगळ्या सर्जनफिशमधल्या या जंतूंचे जनुकसंच तपासले गेले. काय दिसलं? जो मासा तपकिरी समुद्रशेवाळ खातो त्याच्या पोटातल्या जंतूंकडे त्या शेवाळातली चिवट कर्बोदकं तोडणारी विकरं आहेत, आणि ज्याचं खाणं वेगळं त्याच्या पोटातला जंतूंचा वाणही वेगळा. मासा शेवाळ गिळतो, जंतू ते आंबवतात, त्यातून निघणारी आम्लं माशाच्या रक्तात जातात आणि त्यावर मासा जगतो. गाई-म्हशीच्या पोटातही वैरणीचं असंच होतं. म्हणजे माशाच्या आतड्यात कोण राहणार हे दुकानात ठरत नाही. ते माशाच्या तोंडात काय जातं, किती वेळ आत राहतं आणि कोणत्या वेळी जातं, यावर ठरतं. राक्षसी बॅक्टेरियाच्या गोष्टीतून बोडीवाल्याने घ्यायचं ते हेच, असं माझं मत आहे.

आता आपल्या मासोळीचं पोट पाहू. रोहू, कतला, मृगल ही कार्प कुळातली मासोळी. यांना जठरच नसतं. तोंडात दात नाहीत, घशात आहेत. घशातल्या दातांनी चिरडलेलं खाणं सरळ आतड्यात जातं. रोहूचं आतडं तुम्ही रोज काढता. ते उलगडून सरळ करून पाहा, माशाच्या लांबीच्या कितीतरी पट भरतं. उलट मरळ कापली की नीट पिशवीसारखं जठर दिसतं आणि आतडं आखूड. मरळ मासे-बेडकं खाते, मांस लवकर पचतं, म्हणून तिला लांब आतड्याची गरज नाही. रोहू पाण्यात बुडालेल्या काड्या-दगडांवरचा शेवाळी थर, सडका पालापाचोळा, बारीक वनस्पती खातो. कतला वरच्या थरातले बारीक प्राणी गाळून खातो. मृगल तळाचा गाळ चाळतो. लांब आतड्यातून हे सगळं हळूहळू पुढे जातं.

पण सर्जनफिशसारखं अन्न मुरवत ठेवणारं, एकाच प्रकारच्या शेवाळाने कायम भरलेलं ठिकाण इथे नाही. आपलं पाणी गोडं आहे, खाणं मिसळ आहे, आणि ते ऋतूगणिक बदलतं. पावसाळ्यात बांध्यांचं गढूळ पाणी येतं, हिवाळ्यात पाणी नितळ होतं, उन्हाळ्यात बोडी आटून चिखलाला लागते. अशा पोटात राक्षसी जंतू बसत नाही. तिथे साधे, एक-दोन मायक्रॉनचेच जंतू असतात. ते हजारपट मोठे करून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, पण काम मोठं करतात. कार्प आणि तिलापियाच्या आतड्यात सेटोबॅक्टेरियम नावाचा जंतू मोठ्या संख्येने असतो आणि तो बी-12 जीवनसत्त्व तयार करतो. त्यामुळे या माशांना खाद्यातून बी-12 वेगळं द्यावं लागत नाही. हे कुणी पाकिटातून घातलेलं नसतं. बोटुकली, म्हणजे माशाचं बोटाएवढं पिलू, पाण्यातून, खाण्यातून, दुसऱ्या माशांच्या विष्ठेतून आपले जंतू घेते.

तिथेच एरोमोनास नावाचाही जंतू राहतो. तो आतड्यात असतो, पाण्यात असतो, गाळात असतो, आणि एरवी काही करत नाही. मासा दमला, पाणी बिघडलं, अंगावर जखम झाली की तोच जंतू आत शिरतो. मग अंगावर लाल चट्टे, व्रण, फुगलेलं पोट दिसतं. म्हणून आजारी मासा दिसला की ‘जंतू कुठून आला’ हे विचारत बसू नका. जंतू होताच. पाण्यात आणि खाण्यात काय बिघडलं, ते शोधा.

आता तुमची पांढरी फीत. ती कुठे होती हे आधी आठवा. आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत, चपटी, पांढरी, वीतभरही लांब असेल तर ती लिग्युला नावाच्या पट्टकृमीची अळी. अशा माशाचं पोट फुगलेलं दिसतं आणि आतली गाबोळी दबून गेलेली असते. या कृमीचा फेरा असा: मासे खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात ती अंडी घालते, अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, त्यातून निघालेला जीव पाण्यातले सायक्लॉप्ससारखे बारीक प्राणी गिळतात, ते प्राणी मासा खातो, आणि तो मासा पुन्हा पक्षी उचलतो. आपल्या तलावांवर पाणकावळे, बगळे असणारच, ते हाकलून हा फेरा तुटत नाही आणि हाकलूही नयेत. मरळीच्या आतड्यात काटेरी तोंडाचे कृमी आतड्याला चिकटलेले सापडतात. मरळीच्याच मांसात कधी पिवळसर गाठी दिसतात, त्यात चपट्या कृमीची अळी असते. आणि गोल, वेटोळं घातलेला लाल किंवा पांढरा दोरा दिसला तर तो गोलकृमी.

ओळखायची सोपी खूण सांगतो. मासा ताजा असेल तर कृमी वळवळतो, चिमट्याने उचलता येतो, आणि तो सेंटिमीटरात मोजावा लागतो. एप्युलोपिशियम आपल्याकडे असता तरी तो बारीक रेघेएवढा, बोटाने चिरडून जाईल एवढा नाजूक असता. जे धरून ओढता येतं ते बॅक्टेरिया नाही.

गिऱ्हाईकाने विचारलं तर सांगा की पोट नीट साफ केलेली आणि चांगली शिजवलेली मासोळी खायला हरकत नाही, शिजल्यावर कृमी मरतो. अर्धवट भाजलेली मासोळी मात्र टाळावी, विशेषतः मरळ. आणि एक काम गटाने आजपासून करावं: काढलेली आतडी बोडीच्या पाण्यात फेकू नयेत, पाळीवरही टाकू नयेत. पक्षी आणि कुत्री ती खातात आणि हा फेरा पुन्हा सुरू होतो. पाळीपासून लांब खड्डा करून चुना टाकून पुरावीत. तुमच्या बाजाराच्या ठिकाणीही आतडी नाल्यात सोडण्याऐवजी एका टोपल्यात गोळा करायची सवय लावता आली तर फार बरं.

पाकिटाचा हिशेब करू, कारण पैसे गटाचे आहेत. समजा 1 किलोच्या पाकिटावर ‘1 ग्रॅममध्ये 100 कोटी जंतू’ असं छापलेलं आहे. म्हणजे पाकिटात 1 लाख कोटी जंतू झाले. ऐकायला फार मोठा आकडा. आता तुमची बोडी समजा 1 हेक्टर आणि पाणी सरासरी दीड मीटर धरू. ते झालं दीड कोटी लिटर पाणी, म्हणजे 1,500 कोटी मिलिलिटर. भागाकार केला तर प्रत्येक मिलिलिटरमागे 67 जंतू येतात. तलावाच्या साध्या पाण्यात मिलिलिटरमागे आधीच दहा लाखांच्या घरात जंतू असतात. दहा लाखांच्या बाजारात नवे 67 काय करणार? पाण्यात ओतायचं पाकीट एवढ्या मोठ्या बोडीत वायाच जातं, हे मी कुठल्याही दुकानदारासमोर सांगायला तयार आहे.

खाद्यात मिसळून द्यायचं पाकीट वेगळं. बॅसिलस जातीचे जंतू खाद्यातून दिले तर ते माशाच्या आतड्यात पोचतात, आणि टाकीत किंवा छोट्या शेततळ्यात दाट मासोळी ठेवून रोज पूर्ण खाद्य देणाऱ्यांना त्याचा फायदा झाल्याचे प्रयोग आहेत. पण ते तिथे कायमचे वस्ती करत नाहीत. देणं बंद केलं की थोड्या दिवसांत ओसरतात. ज्या बोडीत मासोळी निम्म्याहून जास्त नैसर्गिक खाण्यावर वाढते, तिथे हा खर्च मला पटत नाही. आणि कुणी ‘जंतूंची औषधं’ म्हणून प्रतिजैविकाची पावडर दिली तर अजिबात घेऊ नका. ती वाईट जंतूंसोबत आतड्यातले कामाचे जंतूही मारते, आणि औषधाला न जुमानणारे जंतू आपल्याच पाण्यात तयार करते. त्या पाण्यावर गावची गुरं येतात.

मग करायचं काय? पाकिटाचे पैसे माशाच्या खाण्यावर घाला. तुमच्या भागात धानाचा कोंडा मुबलक आहे. कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप समभाग भिजवून, माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के रोज, एवढं पुरतं. वजनाचा अंदाज महिन्यातून एकदा जाळं मारून, थोडे मासे तोलून घ्या. खाद्य पाण्यावर उधळू नका. खतांच्या रिकाम्या पोत्यांना स्वच्छ धुऊन खाली बारीक छिद्रं पाडा, त्यात खाद्य भरा आणि बांबूला बांधून पाण्यात अर्धवट बुडवा. मासे येऊन चोखून खातात आणि उरलेलं दिसतं. दोन-तीन तासांनी पोत्यात खाद्य उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा. न खाल्लेलं खाद्य तळाशी कुजतं, अमोनिया होतो, प्राणवायू संपतो आणि मग एरोमोनासची वेळ येते.

वेळ रोज एकच ठेवा. सूर्य चांगला वर आल्यावर, साधारण नऊ-दहाच्या सुमारास द्या. भल्या पहाटे देऊ नका, कारण रात्रभर पाण्यातल्या सगळ्यांनी श्वास घेऊन प्राणवायू सगळ्यात कमी झालेला असतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंदच ठेवा आणि शेणही टाकू नका. पूस-माघाच्या थंडीत गोंदिया-भंडाऱ्याकडे बोडीचं पाणी चांगलंच गार होतं. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं पचनही मंदावतं. तेव्हा खाद्य निम्म्यावर आणा. पोटात पडून राहिलेलं खाणं माशाला बाधतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाण्यात बांबू रोवा. ओळीने, थोड्या-थोड्या अंतरावर, उजेड पडेल अशा उथळ भागात. दोन-तीन आठवड्यांत बांबूवर हिरवट-तपकिरी लिबलिबीत थर धरतो. त्यात शेवाळ असतं, बॅक्टेरिया असतात, बारीक प्राणी असतात. रोहूला हे खरवडून खायला फार आवडतं, आणि त्याचं लांब आतडं याच खाण्यासाठी घडलेलं आहे. कोंड्यातून नुसतं पोट भरतं. या थरातून जिवंत, ताजं अन्न आणि त्याच्यासोबतचे जंतू दोन्ही मिळतात. शिवाय रात्री जाळं टाकून मासे चोरणाऱ्यांचं जाळं बांबूत अडकतं, हा वेगळा फायदा.

गवत्या मासा, म्हणजे ग्रास कार्प, टाकावा का हेही तुमच्या गटात विचारलं जाणार. तो पाणवनस्पती झपाट्याने खातो, पण बरंच गवत अर्धवट पचूनच बाहेर टाकतो. ती विष्ठा बोडीला खतासारखी असते, तेवढा उपयोग आहे. पण जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावात तो टाकायला माझा ठाम विरोध आहे. त्या तलावांतल्या पाणवनस्पतींत आपली मरळ, शिंगी, मांगूर, शिवडा वाढतात, कित्येक गावच्या मासोळी अंडीही तिथेच घालतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जुन्या माणसांना विचारा, कोणती वनस्पती गेली की कोणती मासोळी गेली हे ते बोटावर मोजून सांगतील. वनस्पती संपवणारा मासा टाकला तर या सगळ्यांचं खाणं आणि घर दोन्ही जातं, आणि त्यांच्या पोटातले जंतूही त्यांच्यासोबत जातात. उन्हाळ्यात पूर्ण आटणाऱ्या छोट्या बोडीत, जिथे दरवर्षी नवीन बोटुकली टाकायची आहे, तिथे मोजके टाका.

शेवटी, पुढच्या वेळी फीत किंवा दोरा दिसला की तो फेकू नका. काचेची झाकणाची बाटली घ्या, मीठ घातलेल्या पाण्यात तो हलकेच धुवा, मग स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर मासोळीचं नाव, तिचं वजन, तारीख, बोडीचं नाव आणि ती वस्तू आतड्याच्या आत होती की बाहेर, हे लिहून चिठ्ठी आतच टाका, कारण शाईने लिहिलेलं स्पिरिटमध्ये पुसलं जातं. नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मत्स्य महाविद्यालयात अशी बाटली दाखवता येते. मासे एकदम मरायला लागले तर मात्र स्पिरिटमध्ये घालू नका. नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पाठवा, आणि एका वेगळ्या स्वच्छ बाटलीत बोडीचं पाणीही द्या. आतड्यातले जंतू मासा मेल्यावर काही तासांत बदलतात. उशिरा पोचलेल्या माशात खरा आजार कोणता हे सांगणं अवघड होतं.